टोपल्या हजर

सार्वजनिक पोहण्याच्या तलावाचा रखवालदार टोपल्या याला जगात दोनच गोष्टींची धास्ती होती. एक, ओल्या फरशीवरून धावणारी पोरं. आणि दुसरी, आपल्या मागे कुणी राहून तर गेलं नाही ना ही शंका. संध्याकाळी तलाव बंद करायची वेळ झाली की तो कपडे बदलायच्या एकेका खोलीत डोकं घालून "कोण राहिलंय?" म्हणून ओरडे. उत्तर आलं नाही की आणखी मोठ्याने ओरडे. मग कुणाचा विसरलेला टॉवेल, कुणाची एकटीच राहिलेली चप्पल असा ऐवज गोळा करी, दिवे मालवी, कुलूप लावी, ओढून बघी, चार पावलं जाऊन परत येई आणि पुन्हा ओढून बघी.

"तलाव काही पळून नाही जात," बायको म्हणे.

"तलावाचं नाही गं. माणसांचं बघावं लागतं."

टोपल्या हे त्याचं खरं नाव नव्हतं, हे सांगायला नकोच. कुठले आईबाप हौसेने पोराचं नाव टोपल्या ठेवतील? खरं नाव होतं, अगदी चांगलं चारचौघांत शोभेल असं होतं, पण ते इतकी वर्षं पडून राहिलं होतं की त्यावर धूळ बसली असती. फौजेतून तो घरी आला तो हेच नाव घेऊन. तलावावरची पोरं त्याला टोपल्याकाका म्हणत. बेकरीवाला मोठा अदबशीर, तो "या टोपलेसाहेब" म्हणे. मुलगी शाळेत पहिल्यांदा गेली तेव्हा बाईंनी आईवडिलांची नावं विचारली, तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "बाबांचं नाव टोपल्या आणि आईचं नाव अगं."

नावाचा त्याला काय अभिमान! आणि का नसावा? त्याची तुकडी डोंगरी तुकडी. पायवाटा अशा की एका वेळी एकच माणूस चालेल, आणि धुकं असं की पुढच्याची पाठही दिसू नये. पुढे तुकडीचा सार्जंट. त्याचा आवाज एवढा दांडगा की त्याला सगळे भोंगा म्हणत. दर वळणावर भोंगा थांबे आणि मागे तोंड करून आरोळी ठोके: "टोपल्याऽऽ!" रांगेतल्या शेवटच्या माणसाने "हजर!" म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय कुणी पुढे पाऊल टाकायचं नाही, हा तुकडीचा नियम. शेवटच्याच्या पाठीवर दोर, स्टोव्ह, सगळ्यांचे जादा बूट, म्हणजे ज्याला कुणी वाली नाही ते सगळं सामान. ही जागा खरं तर पाळीपाळीने मिळायची. पण आपल्या माणसाचा आवाज पल्लेदार आणि कुरकुर करायचा स्वभाव नाही, तेव्हा पाळी एकदा त्याच्याकडे आली ती परत गेलीच नाही. सगळ्यांचा जीव आपल्या एका "हजर"वर टांगलेला आहे, असं त्याला वाटे, आणि ते खरंच होतं.

फौजेत त्या शब्दाचं पीक फार. गाडी सुरू झाली नाही की "टोपली बसली". नवा भरती झालेला पोरगा टोपल्या, मीठ विसरलेलं सूप टोपलं, रस्ता चुकलेला साहेब टोपलेबहाद्दर. शिवी द्यायची तरी टोपल्या आणि गळ्यात पडायचं तरी टोपल्या. जुने सोबती वर्षातून एकदा एका हॉटेलच्या माडीवर जमत, तिथे हा शब्द आला कुठून यावर दरवेळी कडाक्याचं भांडण होई. भोंग्याचं मत, लोखंडी टोपी उलटी धरली की टोपलीसारखी दिसते, त्यावरून. तुकडीचा आचारी म्हणे, माझ्या पावाच्या टोपलीवरून, आणखी कशावरून? वायरलेसवाल्याने तर कुठेसं वाचलं होतं की टोपल्या हा एका सेनापतीचा कुत्रा. कुठे वाचलं ते मात्र त्याला कधीच आठवत नसे. टोपल्या स्वतः या वादात पडत नसे. आपल्या नावासाठी एवढी माणसं हमरीतुमरीवर येतात, याचाच त्याला आनंद होई.

आणि अशा सुखात असताना एके दिवशी मुलगी घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मी लग्न ठरवलंय."

मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. मुलगा दातांच्या कवळ्या बनवायचा. कुणाच्या तरी जबड्याच्या एक्स-रेवरून दोघांचं जमलं होतं. टोपल्याला भारी हसू आलं. दुसऱ्याच्या जबड्यावर आपलं लग्न जमवणारी ही पहिलीच जोडी, असं तो म्हणाला. बायकोने चहा टाकला. सगळं कसं मजेत चाललं होतं.

"त्यांचं घर मूळचं वरच्या डोंगरातलं," मुलगी म्हणाली.

"अरे वा! हवा चांगली तिकडची."

"बाबा, त्यांच्यासमोर तो शब्द काढायचा नाही."

"कुठला?"

"तुमचा."

मग मुलीने सांगितलं. वरच्या डोंगरातले लोक पाठीवर टोपली वाहतात, टोपलीचा पट्टा कपाळावरून घेतात. खालचे लोक त्यांना टोपले म्हणतात. दुकानात, बसमध्ये, भाड्याने खोली द्यायची नसली की. मुलगा शाळेत होता तेव्हा पोरांनी त्याच्या डोक्यावर कचऱ्याची टोपली पालथी घातली होती. त्याची आई चष्म्याच्या दुकानात कामाला. अजूनही एखादं गिऱ्हाईक तोंडावर म्हणतं, या टोपलीला काय कळतंय?

"पण तो शब्द तर माझा आहे!" टोपल्याच्या तोंडून गेलं.

"तुमच्या आधी त्यांचा होता बाबा. आणि त्यांना तो नको होता. मला हे लग्न करायचंय. तुमच्यामुळे मोडलं तर मी काय करीन मला माहीत नाही."

एकुलती एक मुलगी. टोपल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "नाही काढणार. शब्द बंद." आणि त्या क्षणापासून त्याच्या मागे जी शुक्लकाष्ठं लागली ती विचारू नका.

आधी घर आवरायला काढलं, तर जिकडे बघावं तिकडे टोपल्या! चहाच्या मगावर टोपल्या, किल्ल्यांच्या जुडग्यावर टोपल्या, दारावर सोबत्यांनी दिलेली पितळी पाटी, तिच्यावर टोपल्या. जॅकेटच्या पाठीवर पिवळ्या धाग्याने भरलेला टोपल्या बायकोने एक दुपार खर्ची घालून उसवला, तर सुईच्या भोकांतून तो आणखीच स्पष्ट दिसायला लागला. जॅकेटची रवानगी माळ्यावर झाली. बेकरीवाल्याला बजावलं, यापुढे टोपलेसाहेब म्हणायचं नाही.

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा."

दुसऱ्या दिवसापासून बेकरीवाला "या काहीहीसाहेब" म्हणू लागला.

हे सगळं निभावलं असतं. खरी अडचण जिभेची होती. वर्षानुवर्षं "टोपल्याऽऽ!" ऐकलं की पाय आपोआप जुळत, छाती पुढे येई आणि तोंडातून "हजर!" निघे. विचार करायला मध्ये जागाच नव्हती. समजा त्या मंडळींपैकीच कुणी बोलता बोलता तो शब्द काढला तर? नुसत्या कल्पनेने त्याचं धाबं दणाणलं. बायको मात्र खंबीर बाई. तिने तालीम सुरू केली. तो दाढी करत असला की ती बाहेरून ओरडे, "टोपल्याऽऽ!" आत "हजर!" आणि पाठोपाठ "आई गं!" तो जेवायला बसला की ती पाठीमागून ओरडे, सूप अंगावर. एकदा तर ती मुद्दाम तलावावर गेली आणि पलीकडच्या काठावरून ओरडली. टोपल्या हातातल्या जाळीसकट ताठ झाला, आणि त्याच्याबरोबर पाण्यातली निम्मी पोरंही "हजर!" म्हणाली.

"तुम्हाला कुलूप लावायला हवं," बायको कपाळाला हात लावून म्हणाली, आणि त्यातूनच तिला युक्ती सुचली. लिंबाच्या चवीची मोठी टणक गोळी. ती गालात धरली की तोंड उघडत नाही, आणि माणूस सुपारी धरल्यासारख्या फुगल्या गालाने नुसता हसत राहतो. दोन दिवस प्रयोग करून पाहिला. "हजर"च्या जागी "हम्म" एवढंच निघालं. बायकोने समाधानाने पुडीच आणून ठेवली.

मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि आईचे वडील. आजोबा बुटके, वाळलेले, डोळ्यांत मिश्कील चमक असलेले. कपाळावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत गेलेली गुळगुळीत खाच, पट्ट्याने पाडलेली. टोपल्याने ती पाहिली आणि गोळी या गालातून त्या गालात फिरवली.

बैठक छान रंगली. टोपल्याची बायको मंडळींना आग्रह करत होती, मुलगा सगळ्यांच्या हसण्यातून दात निरखत होता, आणि टोपल्या जे विचारतील त्याला मान डोलावून "हम्म" करत होता. मुलाची आई आपल्या वडिलांच्या कानात म्हणालीसुद्धा, "मुलीचे वडील अगदी शांत आहेत, नाही?" हे ऐकून बायकोने पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसून आली.

मग आजोबांचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. घरातलं सगळं उतरवलं होतं, पण तुकडीचा फोटो तेवढा राहिला होता. त्यावर शब्द नव्हता ना!

"डोंगरात होता तुम्ही?" आजोबांनी विचारलं.

"हम्म."

"आम्ही फौजेचं सामान वाहायचो. माझ्या तरुणपणी. तुमच्या कितीतरी आधी." आजोबा फोटोजवळ गेले. "आम्हाला रांगेच्या शेवटी ठेवायचे. आम्ही सामान घेऊन पळून जाऊ, असं त्यांना वाटायचं. म्हणून दर वळणावर पुढचा साहेब थांबायचा आणि असा हात तोंडाशी धरून ओरडायचा," आणि आजोबांनी हात तोंडाशी धरला, त्या वाळलेल्या छातीतून एवढा आवाज कुठून आला कोण जाणे, "टोपल्याऽऽ!"

"हजर!"

टोपल्या खुर्चीतून उडाला तो थेट सावधानमध्ये. गोळी तोंडातून सुटली, कपाटावर आपटली आणि आजोबांच्या चहात जाऊन पडली. मुलगा घाईघाईने कपावर वाकला. त्याला वाटलं दात पडला.

"दात नाही," तो म्हणाला. "गोळी आहे."

कुणी हसलं नाही. मुलाची आई उठली, तिने पर्स खांद्याला लावली. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. टोपल्या अजून सावधानमध्येच होता; आता खाली कसं बसायचं तेच त्याला कळेना.

"थांब गं," आजोबा आपल्या लेकीला म्हणाले, आणि टोपल्याकडे वळले. "तुम्ही का उभे राहिलात?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मला म्हणायचे," टोपल्या म्हणाला. "तुकडीत. अजून म्हणतात. मी शेवटी चालायचो."

"पाठीवर काय असायचं?"

"दोर. स्टोव्ह. सगळ्यांचे जादा बूट."

"आणि उत्तर दिलं नाही तर?"

"तर तुकडी थांबायची. एकदा मी घसरलो. दगडावर डोकं आपटलं, शुद्ध गेली. उत्तर गेलं नाही म्हणून आमचा सार्जंट स्वतः दरीत उतरला, मला खांद्यावर टाकून वर घेऊन आला."

"आणि सामान?"

"सामान?" टोपल्या गोंधळला. "ते गेलं खाली. कुणी बघितलं?"

आजोबा सावकाश खुर्चीवर बसले.

"माझा भाऊ शेवटी असायचा," ते म्हणाले. "मी त्याच्या पुढे. एकदा हाक आली आणि मागून उत्तर गेलं नाही. फौजेचे लोकही दरीत उतरले. तुमच्या सार्जंटसारखेच, दोर लावून. टोपली घेऊन वर आले."

आजोबांनी चहाचा कप पुढे ओढला.

"भावाला दुसऱ्या दिवशी मी एकट्याने आणलं."

टोपल्याला रडू फुटलं. चांगला आडदांड माणूस, पण हुंदके देऊन रडला. ज्या हाकेने आपला जीव वाचला ती हाक मुळात माणसासाठी नव्हतीच, हे त्याला एवढ्या वर्षांनी कळलं. टोपी, पाव, सेनापतीचा कुत्रा! एवढी भांडणं झाली, पण आपल्या आधी रांगेत शेवटी कोण चालत होतं हे विचारावं असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं हो," तो म्हणाला.

"कसं असेल? त्यांना आमची नावं तरी कुठे माहीत होती? कुणी विचारलीच नाहीत." आजोबांनी चमच्याने कपातली गोळी बाहेर काढली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "लिंबाची आहे वाटतं. बरी लागतेय."

मुलाच्या आईने पर्स खाली ठेवली, पण ती बसली नाही. "मुलगी आम्हाला पसंत आहे," ती म्हणाली. "तिच्या बापाने काय केलं नि काय नाही, त्याचं खापर तिच्यावर मी फोडणार नाही. पण तो शब्द लग्नात ऐकू आला तर मी मुलाला घेऊन निघून जाईन. हे अगदी उघड सांगते."

"कानाला खडा," टोपल्या म्हणाला आणि खरंच कान धरले.

आता उरले सोबती. ते सगळे लग्नाला येणार होते, आणि त्यांनी बेतही आखून ठेवला होता. दोन्ही बाजूंना उभं राहून वेताच्या टोपल्या उंच धरायच्या, त्याखालून जोडपं जाणार, आणि भोंगा आरोळी देणार! टोपल्या हॉटेलच्या माडीवर गेला आणि त्याने आजोबांच्या भावाची हकिगत सांगितली. आचाऱ्याने पावाच्या टोपलीचा दावा तिथल्या तिथे मागे घेतला. वायरलेसवाल्याने कबूल केलं की कुत्रा त्याने स्वतःच रचला होता. भोंगा मान खाली घालून बसला. मग सगळ्यांनी शपथ घेतली, त्या भरात गळ्यात पडून रडारड झाली, आणि या सगळ्यात टोपल्याची एक गोष्ट सांगायची राहून गेली. सोबत्यांचीही ती विचारायची राहिली.

लग्नाचं सभागृह टेकडीवर होतं. गाड्या खालीच थांबत. वर जायला पायऱ्या, त्याही वळणावळणाच्या, दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच झाडोरा. नवरानवरी हसत पुढे निघाली, मागे पाहुणे, त्यांच्यात इस्त्रीचे कोट घातलेले सोबती. आजोबा सगळ्यांत मागे पडले. टोपल्या अर्थातच त्यांच्या बरोबर.

"तुम्ही व्हा पुढे," आजोबा म्हणाले. "मुलीचे बाप तुम्ही."

"नाही हो. मला मागेच बरं वाटतं."

पहिल्या वळणावर भोंगा सवयीने थांबला. मागे वळला, हात तोंडाशी नेला, छाती भरून श्वास घेतला आणि तसाच राहिला. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले. मुलाची आई जिथल्या तिथे थांबली आणि त्याच्याकडे रोखून बघू लागली. नवरीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. सगळी रांग अडली, कारण जुन्या सोबत्यांपैकी एकही उत्तराशिवाय पाऊल उचलेना आणि त्यांना ओलांडून कुणाला जाता येईना. भोंग्याने श्वास सोडला. डोकं खाजवलं. आचाऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. आचाऱ्याने मान हलवली. वायरलेसवाल्यानेही हलवली. एवढ्या वर्षांत एकाही पठ्ठ्याने विचारलं नव्हतं, आणि आमंत्रण तर फोनवरूनच झालं होतं.

शेवटी भोंगा आपले दुखरे गुडघे सावरत एकेक पायरी उतरत खाली आला. आधी आजोबांसमोर उभा राहिला आणि टाचा जुळवल्या.

"आजोबा, आपलं नाव काय?"

आजोबांनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग सांगितलं.

"आणि आपले बंधू?"

आजोबांनी तेही सांगितलं, हळूच. भोंग्याने दोन्ही नावं पुटपुटून घोकली. मग टोपल्याकडे वळून ओशाळून म्हणाला, "आणि... लेका, तुझं?"

टोपल्यालाही क्षणभर आठवावं लागलं.

भोंगा धापा टाकत पुन्हा वर गेला. वळला. हात तोंडाशी नेला आणि आजोबांच्या भावाचं नाव एवढ्या मोठ्याने पुकारलं की खालच्या गाड्यांतले ड्रायव्हर बाहेर आले. कुणी उत्तर दिलं नाही. सोबत्यांनी टोप्या काढल्या. मुलाच्या आईने डोळ्यांना रुमाल लावला. मग भोंग्याने आजोबांचं नाव पुकारलं.

"हजर!" आजोबा ओरडले. पाठ शक्य तेवढी ताठ केली होती. आणि त्यांना इतकं हसू लोटलं की त्यांना टोपल्याच्या दंडाला धरावं लागलं.

मग तिसरं नाव आलं. चांगलं, चारचौघांत शोभेल असं नाव. कुणी बोललं नाही. भोंग्याने पुन्हा पुकारलं. वर नवरी पोट धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. टोपल्या मागे वळून बघू लागला, न जाणो, आपल्याही मागे कुणी राहून गेलं असेल.

आजोबांनी त्याला कोपराने ढोसलं.

"अहो, तुम्हालाच बोलावतायत. हजर म्हणा, वर सगळे खोळंबलेत."